फायकसची पानं गळून राहिली? कुंडी हलवू नका बाप्पा

नवीन आणलेल्या फायकसची पानं गळणार म्हणजे गळणारच, हे आधीच सांगून टाकते. कारण दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचा ना कोणाचा फोटो येतेच, फरशीवर पानांचा सडा पडलेला आणि खाली लिहिलेलं, "ताई, कोणतं औषध मारू?" आमचं गावात कृषी केंद्र आहे ना, म्हणून लोकांना वाटते हिच्याकडे प्रत्येक पानासाठी एक बाटली आहे. कपाशीवर तुडतुडे आले तं ही बाटली, तुरीवर अळी आली तं ती बाटली, मग फायकसच्या पानगळीची पण असेलच की एखादी. नाही आहे. असती तं विकली नसती का, दुकानदाराच्या घरची सून आहे मी, आलेलं गिऱ्हाईक उगाच कशाला वापस पाठवीन.

फायकस म्हणजे नर्सरीवाले ज्याला बेंजामिना म्हणतात ते, वीपिंग फिग. तसे फायकस खूप आहेत, रबराचं झाड पण फायकसच, रीलमध्ये ते मोठ्या मोठ्या पानांचं महागडं झाड दिसते ते पण फायकसच, पण मी ज्याचं बोलून राहिली ते बारीक, चकचकीत, टोकदार पानांचं, फांद्या खाली लोंबणाऱ्या, आणि बहुतेक वेळा तीन रोपांच्या खोडांची वेणी घातलेलं. पहिले हे फक्त बँकेत नाहीतर मोठ्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये दिसायचं. आता आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या (जिल्हा अमरावती) खेड्यात पण स्लॅबची घरं झाली, पोर्च आले, आणि वास्तूला लोक भिंतीवरच्या घड्याळाऐवजी कुंडी घेऊन यायला लागले. चांगलंच आहे, घड्याळं तशीही प्रत्येकाच्या दिवाणात डब्यातच पडली आहेत.

हे झाड वड, पिंपळ, उंबराच्या खानदानातलं. लिनियसने १७६७ मध्ये याचं शास्त्रीय नाव ठेवलं, आणि मूळ राहणं म्हणाल तं आपल्या देशाच्या पूर्वेकडच्या भागापासून थेट मलेशिया, इंडोनेशिया, उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. थायलंडच्या बँकॉक शहराचं तं हे अधिकृत झाड आहे. मोकळ्या जमिनीत वीस-तीस मीटर उंच जाते, आणि आपण त्याला बारा इंची कुंडीत टीव्हीच्या बाजूला उभं करतो. एवढं सगळं सांगायचं कारण की गुगलवर याची काळजी कशी घ्यायची ते शोधलं तं बहुतेक माहिती बर्फाच्या देशातल्या लोकांनी लिहिलेली सापडते. हीटरपासून दूर ठेवा, हिवाळ्यात हवा कोरडी होते म्हणून पाण्याचा ट्रे ठेवा, असं. आपल्याकडे हीटर कुठून आला? गरमी आणि पाऊस दोन्ही खाल्लेल्या मुलखातलं झाड आहे हे, आपल्या इकडे याचा वाईट काळ म्हणजे एप्रिल-मे, हिवाळ्याला तं ते बऱ्यापैकी झेलून नेते. त्यामुळे तिकडचे नियम जसेच्या तसे उचलले की गडबड होते.

आता पानगळीचं. नर्सरीत दिसणारी बरीच रोपं आंध्रातून येतात, राजमुंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, तिथे एकरच्या एकर नर्सऱ्या आहेत आणि तिथून देशभर ट्रक भरून माल जाते. आमचं फायकस पण त्यातलंच, काळी पिशवी फाडली तं आत लाल चिकट मातीचा गोळा, इकडच्या मातीशी काही संबंध नाही त्याचा. तिकडे हे झाड उन्हात नाहीतर हिरव्या नेटखाली भरपूर उजेडात वाढलेलं असते. उन्हात निघालेलं पान जाड असते, आकाराने जरा लहान. सावलीत निघालेलं पान पातळ, पसरट, कमी उजेडातही आपलं पोट भरणारं. उन्हातलं ते जाड पान घरात आलं की त्याला जेवढं खायला लागते तेवढं पण ते कमवत नाही, मग झाड त्याला सोडून देते आणि त्या जागी सावलीचं पान काढते. यात चार-सहा आठवडे जातात, कधी जास्तच. त्यात ट्रकमध्ये ताडपत्रीखाली अंधारात काढलेले दिवस, मग अमरावतीच्या नर्सरीत परत ऊन, मग तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर खिडकीतून वारा खात आलेलं, मग हॉलचा कोपरा. पान गळेल नाही तं काय होईल.

एवढ्यावर थांबलं तं झाड स्वतःच सावरते. खरा घोळ पुढे होते. पानं गळाली की माणूस घाबरते आणि कुंडी उचलते. हॉलमधून अंगणात, अंगणात दोन दिवसात पानं भाजली की पडवीत, पडवीत बरं दिसत नाही म्हणून परत हॉलमध्ये पण आता दुसऱ्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळी झाडाला उजेड वेगळा, वारा वेगळा, आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. वरून रोज तांब्याभर पाणी, कारण "बिचारं सुकून राहिलं". अहो, अर्धी पानं गेलेलं झाड पाणी पण अर्धंच पिते ना, बाकीचं पाणी मुळाशी साचून राहते आणि मुळं सडतात. आणि त्याच्यावर कोणीतरी मूठभर युरिया. मी पाहिलेली बहुतेक मेलेली फायकस ही पानगळीने मेलेली नाहीत, पानगळीवर केलेल्या इलाजाने मेलेली आहेत.

आमच्या घरी पण झाड बोडकं झालं होतं तेव्हा आमच्या आत्याबाई (म्हणजे सासूबाई, आमच्याकडे असंच म्हणतात) रोज सकाळी चहा पिता पिता त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "काहून व, सारे पानं गयून रायले, मेलं थे झाड. काढून टाक अन् तुयस लाव तिथं." शेवटी एक दिवस मी त्यांना जवळ बोलावून अंगठ्याच्या नखाने एका काडीवरची साल उलिशीक खरवडून दाखवली. वरून काडी करडी, वाळल्यासारखी दिसत होती, पण नखाखाली लगेच ओला हिरवा रंग निघाला आणि त्या रेघेवर पांढऱ्या दुधाचा थेंब येऊन थांबला. आत्याबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाव, दूध निंगून रायलं, जिंदं हाय." त्यानंतर तुळशीचा विषय बंद. तुम्ही पण हेच करा, फेकायच्या आधी नखाने खरवडून पाहा. वरच्या काडीत हिरवं नाही दिसलं तं थोडं खाली खोडाकडे खरवडा. जिथपर्यंत हिरवं आहे तिथपर्यंत झाड जिवंत आहे आणि तिथूनच ते फुटणार, वरची वाळकी काडी तेवढी कापून टाका.

गळालेलं पान हातात घेऊन पाहिलं तं बरंच काही कळते. चांगलं हिरवंगार पान, हात लागला तरी टपटप पडून राहिलं, म्हणजे झाडाला धक्का बसला, जागा बदलली नाहीतर कूलरचा झोत थेट लागून राहिला. आतल्या बाजूची पानं पिवळी होऊन एक-एक पडली तं उजेड कमी आहे नाहीतर पाणी जास्त आहे, माती चाचपून पाहा, ओली आणि वास मारत असेल तं पाणीच. पान कुरकुरीत वाळून पडलं तं पाणी कमी, हे आपल्याकडे मे महिन्यात होते, लोक लग्नाला चार दिवस गावाला जातात आणि कुंडीचं काम तमाम. आणि पानाची फक्त कड नाहीतर टोक जळल्यासारखं तपकिरी झालं, बाकी पान हिरवं, तं आमच्या भागात तरी पहिला संशय पाण्यातल्या मिठावर घ्यायचा. त्याचं सविस्तर सांगते, कारण हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नाही.

आम्ही राहतो खारपाणपट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग असा आहे की खाली बोअर मारली तं खारं पाणी लागते. प्यायला नाही चालत, ओलिताला पण धड नाही, त्याने जमीन खराब होते. म्हणून तं इकडे कपाशी, तूर आणि मग जमिनीतल्या ओलीवर हरभरा. नळाला शहानूर धरणाचं पाणी येते ते प्यायला, आणि धुण्या-भांड्याला बोअरचं. बोअरच्या पाण्याची बकेट नुसती उन्हात वाळली तरी आत पांढरा थर दिसते. आता हेच पाणी कुंडीत रोज घातलं तं काय होईल विचार करा. वावरात निदान पावसाळ्यात मीठ धुऊन खाली जाते, कुंडीत जाणार कुठे, पाणी उडून जाते आणि मीठ तिथंच राहते. मातीवर पांढरी पापडी येते, मातीच्या कुंडीला बाहेरून पण पांढरे डाग येतात, आणि पानांच्या कडा जळायला लागतात. लोक म्हणतात खत कमी पडलं, आणि खत म्हणजे अजून क्षारच, म्हणजे आगीत तेल.

याला उपाय साधा आहे. फायकसला बोअरचं पाणी द्यायचंच नाही. आमच्या मागच्या खोलीवर टिन आहेत, त्या पन्हाळीखाली निळा ड्रम ठेवला आहे, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधलेला की डास नको आणि पाला नको. पावसाचं पाणी जेवढे महिने पुरते तेवढे पुरते, मग नळाचं. आणि दर पावसाळ्यात एकदा कुंडीतली माती धुऊन काढायची, म्हणजे कुंडीत जेवढी माती आहे त्याच्या दुप्पट तरी पावसाचं पाणी हळूहळू वरून ओतायचं आणि खालच्या भोकातून वाहून जाऊ द्यायचं. त्यासाठी कुंडी पावसात नेऊन ठेवायची नाही हं, बकेट कुंडीकडे न्यायची. खाली ट्रे असेल तं त्यातलं साचलेलं पाणी फेका, नाहीतर तेच मीठ परत वर चढते.

पाणी किती आणि कधी, याचं वेळापत्रक मला विचारू नका. बोट घालून पाहायचं, दोन पेरं खोल, तिथे माती कोरडी लागली तं पाणी, ओली लागली तं उद्या पाहू. मे महिन्यात एक-दोन दिवसाआड लागते, श्रावणात आठवडा आठवडा लागत नाही. द्यायचं तेव्हा भरपूर, खालून निघेपर्यंत. कपभर पाणी रोज शिंपडणं हा प्रकार बंद करा, वरची माती ओली दिसते आणि खाली मुळं तहानलेली.

आणि माती. आपली काळी माती वावरात सोनं आहे, कुंडीत मात्र नुसती घालू नका. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच कुंडीत होते. माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, मग पाणी घातलं की कडेच्या फटीतून सर्रकन खाली, आपल्याला वाटते वा मस्त निचरा आहे, आणि मधला गोळा कोरडाच. पावसाळ्यात उलट, चिखल होऊन हवा बंद. म्हणून मी काळी माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, आणि रेती त्या दोघांपेक्षा थोडी जास्तच घेते, असलं तं मूठ-दोन मूठ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. भोकावर फुटक्या कवेलूचा तुकडा उपडा ठेवायचा, बस. आणल्या दिवशी कुंडी बदलायची घाई पण नको, आधीच घाबरलेलं झाड आहे ते. एकदा नवीन कोंब दिसायला लागले, फांदीच्या टोकाला बंद टोकदार कळीतून फिकट हिरवं पान उलगडायला लागलं, की मग पावसाळ्याचा मुहूर्त पाहून बदला. तो लाल मातीचा गोळा पूर्ण धुऊन मुळं उघडी करू नका, फक्त बाहेरून बोटांनी मोकळा करा आणि गोल गोल फिरलेली मुळं सोडवा. नवीन कुंडी दोन इंचच मोठी. त्यानंतर दोन-तीन वर्षं विसरून जा. हो, आणि वेणी घातलेल्या खोडाला नर्सरीवाले प्लॅस्टिकची पट्टी नाहीतर तार गुंडाळतात, ती आणल्यावर पाहून काढा, खोड जाड झालं की ती सालीत रुतते.

खताचं काय, विशेष काही नाही. आमच्या दुकानात १९:१९:१९ मिळते, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत, ते लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. नाहीतर दोन मुठी गांडूळखत. थंडीत आणि कडक उन्हाळ्यात काही नाही. पानं गळून राहिली असतील तेव्हा तं बिलकुलच नाही.

जागा कोणती, हा खरा प्रश्न आहे आणि तो झाड आणायच्या आधी सोडवायचा. खेड्यातल्या घरात खोल्या अंधाऱ्या असतात, खिडक्या लहान, त्याही उन्हाळ्यात पडदे नाहीतर तट्टे लावून बंद. तिथे फायकस जगत नाही, तग धरते म्हणा फार तं. सगळ्यात चांगली जागा म्हणजे पूर्वेची ओसरी नाहीतर पोर्च, जिथे सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास येते आणि मग दिवसभर उजेड राहते. घरातच ठेवायचं तं खिडकीपासून तीन-चार फुटाच्या आत. पश्चिमेची बाजू नको, एप्रिलपासून दुपारची झळ, वरून टिनाची गरमी, पारा ४५ च्या वर गेला की आपल्याच अंगाची लाही होते, कुंडीतल्या मुळांची काय होईल. तीच कुंडी सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर असेल तं अजून कठीण, खाली दोन विटा तरी ठेवा.

कूलरबद्दल सगळे विचारतात. कूलरची हवा ओलसर असते, मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की त्याच खोलीत झाड असेल तं त्याला बरंच वाटते. पण झोत थेट नको, पंख्याची हवा पण थेट नको. आमच्याकडे कूलर खिडकीत आणि झाड त्याच भिंतीला कोपऱ्यात, म्हणजे हवा त्याच्या समोरून निघून जाते. वर्षभर एकच जागा, मे असो की जानेवारी. डिसेंबर-जानेवारीत इकडे रात्री कधी दहाच्या खाली जाते पारा, तेवढे दिवस उत्तरेच्या दाराचा वारा थेट लागणार नाही एवढं पाहायचं, दुसरं काही नाही. लग्न-कार्यात मंडपाला शोभा म्हणून कोणी उचलून न्यायला आलं तं सरळ नाही म्हणायचं, प्लॅस्टिकची झाडं भाड्याने मिळतात म्हणावं.

आता कीड, म्हणजे माझ्या दुकानाचा विषय. पानाखाली मधल्या शिरेवर तपकिरी चपटे ठिपके दिसले आणि ते नखाने सुटून आले तं ती खवले कीड. आधी लक्षात येते ते खाली, फरशी चिकट लागते आणि मुंग्यांची रांग कुंडीवर चढून राहिलेली असते. पांढरा कापसासारखा पुंजका पेरावर दिसला तं पिठ्या ढेकूण, हे कपाशीवाल्यांना सांगायला नको. मे महिन्यात पानावर बारीक फिके ठिपके आणि खालून जाळी म्हणजे लाल कोळी. आणि एक कीड फायकसची खास आहे, एक फुलकिडा, कोवळं पान मधल्या शिरेवर दुमडून टाकते, द्रोण मिटावा तसं, वर जांभळट-लाल डाग. ते पान उघडून पाहिलं तं आत काळे बारीक लांबुळके किडे पळापळ करतात, आणि पिवळसर पिल्लं, अंडी, सगळा संसार आतच. त्याच्यावर वरून फवारा मारून उपयोग नाही, आत पोचतच नाही. दुमडलेली पानं तोडा, पिशवीत बंद करा, जाळा. एवढ्याने बहुतेक वेळा आटोक्यात येते, फक्त दर आठवड्याला नजर ठेवायची.

बाकी किडींना ओल्या कापडाने पान पुसणं हाच अर्धा इलाज आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी निंबोळी अर्क, पाच टक्के, जो आपण कपाशीवर मारतो तोच. घरच्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, पाणी घालून एक लिटर करायचा, चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा. निंबाचं झाड कोणाच्या बांधावर नाही? जूनमध्ये निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या की झालं. संध्याकाळी मारा, पानाच्या खालून.

दुकानातली बाटली घरातल्या झाडावर मारू नका, हे मी दुकानदार असून सांगते. एक जण माझ्याकडे वावरातून उरलेलं औषध घेऊन आला होता, झाकणभर हॉलमधल्या फायकसला मारू का म्हणे, आणि त्याच हॉलमध्ये त्याचा नातू रांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले, ते पण मोकळ्या वावरात. तरी आपण ते घरात, पंखा लावून, दार बंद करून मारणार? नाही म्हणजे नाही. घ्या निंबोळ्या.

दुधाचं पण सांगून ठेवते. कुठेही कापलं की पांढरा चीक निघते, कपड्यावर पडला तं डाग जात नाही, आणि काही लोकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. ज्यांना रबराच्या हातमोज्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी तं जपूनच, त्यांना याचा पण त्रास होऊ शकते. दम्याच्या माणसाच्या खाटेजवळ हे झाड नको, पानावरच्या धुळीतून पण काहींना त्रास होते. म्हणून पानं ओल्या फडक्याने पुसायची, कोरड्या झाडणीने धूळ उडवायची नाही. पोरांनी, मांजरीने, कुत्र्याने पान खाल्लं तं तोंडाला आग, उलटी होऊ शकते. बकरीला मात्र काय म्हणावं, ओसरीवर झाड ठेवणाऱ्याचा सगळ्यात मोठा दुश्मन बकरी आहे, फुलकिडा परवडला. आम्ही समोर एक फळी आडवी लावली आहे.

आणि ते हवा शुद्ध करते म्हणून जे सांगतात ना नर्सरीवाले, त्याच्यावर फार जाऊ नका. १९८९ मध्ये नासाने झाडांवर अभ्यास केला होता आणि त्यात हे फायकस पण होतं, खरं आहे, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीत केलेला. नंतर २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब पुन्हा मांडला गेला तेव्हा निघालं की दार-खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढा फरक झाडांनी पाडायचा तं एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. एवढी झाडं ठेवली तं आपण कुठे बसायचं? खिडकी उघडा. झाड सुंदर दिसते म्हणून ठेवा, तेवढं कारण पुरते.

आत्याबाईंचं अजून एक म्हणणं होतं, "उंबर-पिंपयाच्या जातीचं हाय, घराजोळ नोको, मुया भिंती फोडतात." कुंडीत आहे तोवर काही नाही, पण जमिनीत लावायचं म्हणाल तं त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. याची मुळं फरशी उचलतात, नाल्यात शिरतात, पाण्याच्या टाकीला, संडासाच्या टाकीला सोडत नाहीत. कुंडीत मोठं झालं म्हणून दारासमोर जमिनीत लावून दिलं आणि मग दहा वर्षांनी ओट्याला तडे, असं नको. वावराच्या धुऱ्यावर लावायचं तं मग फायकस कशाला, सरळ वड नाहीतर उंबर लावा, त्याच्या फळांवर हरियल येतात, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे तो.

छाटणी पावसाळ्याच्या सुरुवातीला. कापल्यावर चीक थांबत नसेल तं पाण्याचा हबका मारा. छाटलेल्या काड्या फेकू नका, पाच-सहा इंचाच्या, अर्धवट पिकलेल्या काड्या घ्या, खालची पानं काढा, चीक पाण्यात धुऊन टाका, रेती आणि शेणखतात खोचा, वरून दुधाची रिकामी पिशवी टोपीवानी घाला. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात, सगळ्याच नाही पण बऱ्याच. गुटी पण छान बसते, म्हणजे झाडावरच फांदीची साल सोलून, तिथे ओलं शेवाळ बांधून मुळं फोडायची, आणि आपल्या जिल्ह्यात वरुड, शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या कलमा बांधण्यात लोकांची हयात गेली, त्यांना फायकसची गुटी म्हणजे चहा पिता पिता होणारं काम. घरात तयार झालेल्या रोपाचा एक फायदा असा की ते पहिल्या पानापासून तुमच्याच उजेडात वाढलेलं असते, म्हणून ते दुसऱ्या घरी गेलं तरी कडियमच्या झाडाएवढं बोडकं होत नाही.

सध्या माझ्याकडे अशी काही रोपं पिशव्यांत तयार आहेत आणि नणंदबाईंना त्यातलं एक पाहिजे आहे, अकोल्याच्या फ्लॅटमधल्या देवघराच्या बोळीसाठी, जिथे दिवसा पण लाईट लावावा लागते. मी त्यांना मनी प्लांट दिला आहे. त्या रुसल्या आहेत, पण बाल्कनीचा फोटो पाठवा म्हटलं, तिकडे सकाळचं ऊन येत असेल तं फायकस दिवाळीला घेऊन येते.